घळीतला पूर आणि एक भित्री गाढवीण

मित्रांनो, मी एक म्हातारी गाढवीण आहे. पुढचे दोन दात पडले आहेत, डाव्या कानाचे टोक फाटले आहे आणि उतारावर मागचे पाय आता मला विचारून चालत नाहीत. पण म्हातारी मी अलीकडे झाले. भित्री मात्र जन्मापासून आहे. म्हणून माझी ओळख करून देताना तेच आधी सांगायला हवे.

माझे नाव नेस्मा, म्हणजे वाऱ्याची झुळूक. माझा जन्म वाळवंटातल्या लाल डोंगरात कोरलेल्या जुन्या शहरात झाला. बाहेरचे लोक त्याला पेट्रा म्हणतात. आमचे बदू, म्हणजे वाळवंटातले पूर्वीचे भटके लोक, आता वरच्या गावात सिमेंटच्या घरांत राहतात आणि सकाळी कामाला निघताना नुसते "खाली जातो" एवढेच म्हणतात. मी एका थडग्यात जन्मले. यात मोठेपणा काही नाही, आमच्याकडची निम्मी गाढवे थडग्यांतच जन्मतात. हिवाळ्यात तिथे वारा लागत नाही.

मी कशाला घाबरत नव्हते ते विचारा, यादी लवकर संपेल. दोन उंच कड्यांमधल्या अरुंद वाटेने घोडागाडी धावू लागली की घोड्याच्या टापा चारही बाजूंनी अंगावर येत. उंट शिंकला तरी माझे कान मागे जात. वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी ही तर माझी जन्माची वैरीण होती. मला कोणी फार मारले होते किंवा लहानपणी काही भयंकर घडले होते असे नाही. भीती मला उंचीसारखी आणि रंगासारखी मिळाली होती.

असल्या जनावराला पाठीवर पाहुणे, म्हणजे जुने शहर बघायला आलेले लोक, न्यायच्या कामाला कोण घेणार? मला घेतले हुस्नाने. ती तेव्हा चाळिशीची होती. नवरा नव्हता, दोन मुली होत्या. वरच्या मठाकडे जाणाऱ्या आठशे पायऱ्यांवरून ती पाहुण्यांना नेत असे. बायका हे काम फारशा करत नसत, म्हणून लोक तिलाही हसत आणि मलाही. हुस्नाची एकच पद्धत होती. मी घाबरून थांबले की तीही थांबायची. माझ्या मानेवर हात ठेवायची आणि दुसरीकडे बघत राहायची, जणू तिलाच दम लागला आहे. थोड्या वेळाने भीती आपोआप उतरायची आणि आम्ही पुढे निघायचो.

तिचा दीर मुतलक आमच्या पुढे असे. त्याच्याकडे सबूर नावाचा गाढव होता. करडा, रुंद छातीचा आणि इतका शांत की त्याच्या पोटाखाली कोंबडीने अंडे घातले तरी तो पाय हलवणार नाही, असे मुतलक सर्वांना सांगे. आम्ही दोघे एकाच गोठ्यात बांधलेले असायचो. वादळाच्या दिवशी मी त्याच्या मानेखाली डोके खुपसून उभी राहत असे. त्याने मला कधी दूर सारले नाही.

"वहिनी, तुझी गाढवीण चालते कमी आणि विचार जास्त करते," मुतलक पायऱ्यांवरून ओरडायचा. "त्यापेक्षा तूच पाहुण्यांना पाठीवर घे. लवकर पोचाल."

"तुला घेते आधी," हुस्ना म्हणायची, "आणि वरून खाली सोडते."

अशी आमची सात वर्षे गेली. मग ती सकाळ आली. तिच्याबद्दलच तुम्हाला सांगायचे आहे, कारण तिच्याबद्दल पुष्कळ खोटे सांगितले गेले आहे.

हुस्नाची एक आत्या होती, फिद्दा. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले. ती पायऱ्यांच्या वाटेवरच्या एका कोरीव खोलीत जन्मली होती. तिथेच तिचे लग्न झाले आणि तिथेच तिला सहा मुले झाली. मग सरकारने सगळ्यांना वरच्या गावात हलवले. बारा वर्षे तरी ती खाली आली नव्हती. त्या हिवाळ्यात तिने हट्ट धरला, मला माझी खोली एकदा दाखवा. गावातल्या बायकांचे डोळे भरून आले. म्हातारीचा जीव अजून तिथेच अडकलाय, असे त्या म्हणाल्या.

मुतलक सबूरला घेऊन दारात उभा राहिला. आत्याबाईंसाठी सबूरशिवाय दुसरे कोण असणार? पण फिद्दाने काठीने माझ्याकडे दाखवले.

"मला ही हवी."

"आत्या, ही पिशवीलासुद्धा घाबरते," मुतलक म्हणाला. "तुला पाडेल कुठेतरी."

"मग आम्ही दोघी मिळून घाबरू. तुझ्या त्या ओंडक्यावर बसून मला झोप लागेल."

मग सबूरच्या पाठीवर गादी, घोंगडी, चहाची किटली आणि राखेत भाजलेल्या जाड रोट्या लादल्या. फिद्दा माझ्या पाठीवर बसली. तिचे वजन एखाद्या वर्षाच्या बकरीएवढे होते. आकाश निळेभोर होते. पूर्वेच्या डोंगरांवर मात्र एक काळा पट्टा होता. मुतलकने तो पाहिला आणि म्हणाला, "तो लांब आहे." खरेच लांब होता.

पायऱ्या सुरू होण्याआधी एक कोरडी घळ लागते. दोन्ही बाजूंना उभे खडक आणि मधल्या वाळूत कण्हेरीची झाडे. चढण्यापूर्वी चहा घ्यायचा ठरले. फिद्दाला उतरवून पुन्हा बसवणे त्रासाचे, म्हणून ती माझ्या पाठीवरच राहिली. तिची काठी खाली पडली होती, ती उचलायचे राहूनच गेले. मुतलकने सबूरला एका कण्हेरीच्या जाड खोडाला बांधले. दोन गाठी मारल्या. खरे तर सबूरला बांधायची गरज नव्हती, पण पाठीवर आत्याची गादी होती. तो वाळूत लोळला आणि तिला माती लागली असती तर आत्याने त्याचे काही ऐकून घेतले नसते. "इथेच थांब," असे त्याच्या कपाळावर थोपटून सांगून तो काटक्या गोळा करू लागला.

मित्रांनो, आता नीट ऐका. पुढे सगळे असे सांगू लागले की त्या वेळी मी कान टवकारले, हवेचा वास घेतला आणि पूर येतोय हे मला कळले. मला काही कळले नाही. मी कण्हेरीच्या सावलीत उभी राहून शेपटीने माश्या वारत होते. जवळच्या दगडावर एक परदेशी बाई दमून बसली होती. ऊन तिच्या तोंडावर आले, म्हणून तिने पिशवीतून छत्री काढली. लाल रंगाची. माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर ती एकदम फटकन उघडली.

मी उधळले. हुस्नाच्या हातातला दोर सुटला. मी फिद्दाला घेऊन सरळ पायऱ्यांवर धावत सुटले. कुठे जातेय, पाठीवर कोण आहे, कडा किती जवळ आहे, काही काही ध्यानात नव्हते. झिजलेल्या पायऱ्यांवर खूर घसरत होते. फिद्दाने माझ्या मानेला मिठी मारली होती आणि ती माझ्या कानात देवाचे नाव घेत होती. मागून हुस्ना धावत होती. तिच्यामागून मुतलक मला, माझ्या आईला आणि आईच्या आईला शिव्या घालत धावत होता. सगळ्यांत मागे ती बाई. तिला बिचारीला आपली चूक कळली होती. आत्याची काठी हातात घेऊन ती द्यायला वर येत होती.

साठ-सत्तर पायऱ्या चढल्यावर वळणावर हुस्नाने मला गाठले. तिने माझ्या मानेवर हात ठेवला. तिला धाप लागली होती, तरी ती माझ्याकडे न बघता समोरच्या खडकाकडे बघत उभी राहिली. मुतलक पोचला आणि त्याने मला मारायला हात उगारला.

तो हात तसाच वर राहिला.

आधी वाटले की अरुंद वाटेने दहा-वीस गाड्या एकदम सुटल्या आहेत. मग घळीतून थंड वारा वर आला. त्याला ओल्या मातीचा वास होता. आमच्या डोक्यावर तर ऊन होते. हुस्नाने पूर्वेकडे पाहिले. तो काळा पट्टा आता अर्ध्या आकाशावर पसरला होता.

"सबूर," मुतलक म्हणाला आणि खाली धावला.

तो दहा-बारा पायऱ्या उतरला असेल, तोवर हुस्नाने मागून झडप घालून त्याचा सदरा धरला.

"सोड वहिनी. दोनच गाठी आहेत. सोडतो आणि येतो."

"दोन गाठींएवढा वेळ नाही मुतलक."

"सोड म्हणतो ना मी."

ती पायरीवर बसली आणि आपला सगळा भार तिने त्याच्या सदऱ्यावर टाकला. कापड फाटले, तेव्हा तिने त्याचा पट्टा धरला.

वरून मला सबूर दिसत होता. पहिले पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आले. तपकिरी, फांद्या आणि बाटल्या घेऊन आलेले. त्याने वरच्या अंगाला पाहिले. मग मान वळवून मुतलककडे पाहिले. त्याने दोराला हिसका दिला नाही, ओरडला नाही. त्याला थांबायला सांगितले होते आणि तो थांबला होता. दुसरे पाणी भिंतीसारखे आले. त्यानंतर कण्हेरही दिसली नाही.

मी ओरडले. इतकी ओरडले की माझाच आवाज समोरच्या कड्यावरून येऊन मला घाबरवू लागला. चारही पायांत कापरे भरले होते. फिद्दाही पाठीवर थरथरत होती. कोणती थरथर माझी आणि कोणती तिची हे मला सांगता आले नसते.

पाणी पायऱ्यांवर चढू लागले, तसे आम्हीही चढलो. वाटेत उजव्या हाताला फिद्दाची खोली होती. तिला अशी तिची खोली दिसली. आम्ही सहाही जण त्या खोलीत शिरलो... नाही, चुकले, आम्ही पाच जण. सबूरनंतर माझे मोजणे बिघडले ते बिघडलेच.

आत छत धुराने काळे होते. भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा होता. हुस्नाने फिद्दाला माझ्या पाठीवरून उतरवून त्याखाली बसवले. मुतलक दाराकडे पाठ करून बसला आणि फाटलेल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडू लागला. परदेशी बाई कोपऱ्यात काठी मांडीवर घेऊन बसली. खालून पाण्याचा आवाज येत होता आणि तो आवाज त्या खोलीत घुमून दुप्पट होत होता.

"रडू नकोस आत्या," हुस्ना म्हणाली. "तुला इथे असं आणायचं नव्हतं. शांतपणे बसवणार होतो, चहा पाजणार होतो."

"मी कुठे रडतेय? मी ऐकतेय."

"काय?"

"हाच आवाज." फिद्दा भिंतीला टेकली. "दर हिवाळ्यात यायचा. चुलीपाशी मुलं निजलेली असायची आणि मी इथे, ह्या जागी बसून ऐकायची. पाणी इथवर कधीच आलं नाही. पण मी प्रत्येक वेळी धाकट्या दोघांना कमरेला बांधून बसायची. तुझे काका हसायचे."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"कोणाशी बोलू? गाव वर हलवलं तेव्हा सगळ्या बायका छाती पिटून रडल्या. मीपण रडले. सगळ्या रडतात म्हटल्यावर रडावं लागतं. पण नव्या घरात पहिल्या पावसाला मी गाढ झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा."

हुस्ना तिच्याजवळ सरकली. "मग आज यायचा हट्ट कशाला केलास?"

"बघायचं होतं, मरायच्या आधी तरी ती भीती जाते का."

"मग? गेली?"

"नाही," फिद्दा म्हणाली. तिने माझा कान हातात घेतला आणि बोटांनी चोळत बसली. "आहे तशीच आहे. म्हातारी तेवढी मी झाले."

दुपारनंतर पाणी ओसरले. सूर्य मावळायच्या आत आम्ही चिखलातून वाट काढत गावात पोचलो. मुतलक आला नाही. तो घळीच्या कडेकडेने खाली गेला. दोन दिवसांनी परतला तेव्हा त्याच्या हातांना फोड आले होते. त्याने सबूरला एका वळणावर शोधले होते आणि दगड रचून झाकले होते. गादी त्याच्या पाठीवर तशीच बांधलेली होती, मातीने भरलेली, एवढेच तो म्हणाला.

नंतरचा भाग सांगायला मला अवघड जाते. तो माझ्या कौतुकाचा आहे.

मुतलककडे आता जनावर नव्हते. हुस्नाने मला त्याच्याकडे दिले. तिची धाकटी मुलगी तेव्हा आजारी होती आणि तिला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात महिनोन्‌महिने राहावे लागणार होते. मुतलक पाहुण्यांना गोष्ट सांगू लागला. ही ती गाढवीण जिला पूर आधी कळला. हिने दोर तोडला, म्हातारीला वाचवले, आम्हा सगळ्यांना आपल्यामागे वर नेले. पाहुणे माझ्या कपाळाचा मुका घेत. माझी छायाचित्रे काढत. सगळ्यांना माझ्याच पाठीवर बसायचे असे. दिवसातून चार-चार वेळा मी त्या पायऱ्या चढू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी भित्री म्हणत नव्हते, आणि इतकी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

कारण रोज ती घळ लागे. कण्हेरीला पुन्हा धुमारे फुटले होते. तिथे पोचले की माझे पाय जमिनीत रुतत. मी थरथरू लागे. मुतलक पाहुण्यांना म्हणे, "बघा, तिला सगळं आठवतं." पाहुणे हळहळत. ते पुढे गेले, की तो मला काठीने मारी. तो वाईट माणूस नव्हता. पण त्या जागी त्यालाही उभे राहवत नसे. मी थांबले की त्यालाही थांबावे लागे आणि तेच त्याला नको होते.

खोगिराखाली माझ्या पाठीला जखम झाली. आधी नाण्याएवढी, मग तळहाताएवढी. वर झुलीचे लाल-पिवळे गोंडे होते, त्यामुळे ती कोणाला दिसत नसे. उन्हाळ्यात माश्या येऊ लागल्या.

एक दिवस गावातून जाताना फिद्दा दारात बसली होती. मी तिच्यासमोर थांबले. मुतलकने दोर ओढला. मी हलले नाही. त्याने काठी उचलली.

"मुतलक, खोगीर उतरव," फिद्दा म्हणाली.

"आत्या, खाली पाहुणे वाट बघतायत."

"बघू देत. उतरव."

त्याने उतरवले. जखम उघडी पडली. तिचा वास फिद्दापर्यंत पोचला.

"हिला पूर कळला होता म्हणून सांगतोस ना सगळ्यांना?" फिद्दा म्हणाली. "मी होते हिच्या पाठीवर. हिला छत्री दिसली. बस्स. घाबरली आणि पळाली."

"मला माहीत आहे."

"मग खोटं का सांगतोस?"

मुतलक खोगीर हातात धरून उभा होता. "काय सांगू मग? मी दोन गाठी मारल्या. गादीला माती लागू नये म्हणून. हिला कोणी तरी वरून सांगितलं, हिला कळलं, असं म्हटलं तर निदान त्या दिवसाला काही अर्थ राहतो. एका छत्रीमुळे आपण जगलो आणि एका गादीमुळे सबूर गेला, हे कोणाला सांगू आत्या? ते ऐकायला कोण थांबेल?"

"मी थांबते," फिद्दा म्हणाली. "बैस इथे."

तो उंबऱ्यावर बसला. पाहुणे त्या दिवशी खाली वाट बघून निघून गेले असतील. फिद्दाने मिठाचे कोमट पाणी आणवले. मुतलकने स्वतः माझी जखम धुतली. मला झोंबले, मी दोनदा लाथ झाडली, एक त्याच्या मांडीला लागली. धुता धुता तो सबूरबद्दल बोलत राहिला. तो शिंगरू असताना कसा होता, कोणता चारा त्याला आवडायचा, असे सगळे. फिद्दा ऐकत राहिली. त्यानंतर माझ्या पाठीवर खोगीर चढले नाही. मुतलकने ती गोष्ट सांगणेही सोडले. पुढे त्याने दुसरे गाढव घेतले. त्याला तो कधीही दोन गाठींनी बांधत नाही. सैल एक वेढा देतो आणि वरचेवर मागे वळून बघतो.

हुस्ना मुलीला बरी करून परत आली आणि मला आपल्या अंगणात घेऊन गेली. फिद्दा पुढच्याच हिवाळ्यात गेली, आपल्या सिमेंटच्या घरात, झोपेत. मी अजून आहे. काल वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगली, तेव्हा मी पाण्याची बादली उलथवली. हुस्ना घरातून आली, माझ्या मानेवर हात ठेवून उभी राहिली आणि शेजारणीशी जवाच्या पिकाविषयी बोलत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही गावात ओझे वाहणारी जनावरे असतील. कधी त्यांतले एखादे भर रस्त्यात अडून उभे राहील. लोक म्हणतील हट्टी आहे, आळशी आहे. कोणी म्हणेल त्याला काही तरी अशुभ दिसले. तुम्ही तसे काही मानू नका. आधी त्याच्या पाठीवरचे उतरवा आणि खाली काय आहे ते बघा. खाली काहीच नसेल, तर ते नुसते घाबरले असेल. त्याच्याजवळ उभे राहायला तेवढे कारण पुरे आहे.